पाळीव कुत्र्याचे प्रशिक्षण व संगोपन

पाळीव कुत्र्याचे प्रशिक्षण म्हणजे माणसाच्या घरात व वस्तीत राहणाऱ्या कुत्र्याला अपेक्षित वर्तन शिकवण्याची आणि त्रासदायक वर्तनाला पर्याय देण्याची प्रक्रिया होय. पोलीस, लष्कर किंवा शोधपथकांतील कुत्र्यांना ठरावीक कामासाठी तयार केले जाते. घरगुती कुत्र्याच्या बाबतीत मात्र प्रशिक्षण आणि संगोपन या गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. पंजाला हात लावू देणे, पशुवैद्याच्या टेबलावर उभे राहणे, हाक मारताच रस्त्यावरून परत येणे या गोष्टी शिकवलेल्या नसतील, तर कुत्र्याची निगा राखणेच अवघड होते. उलट, दुखणे असलेला, उपाशी किंवा भेदरलेला कुत्रा शिकूही शकत नाही.

पार्श्वभूमी

कुत्रा हा माणसाने माणसाळवलेला सर्वांत जुना प्राणी मानला जातो. जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथे दोन माणसांसोबत पुरलेल्या कुत्र्याचे सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. त्याच्या दातांच्या अभ्यासावरून, हे पिल्लू डिस्टेंपरसारख्या गंभीर आजाराने पछाडले होते आणि माणसांच्या शुश्रूषेमुळेच काही आठवडे जगले असावे, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला आहे. शिकारीला किंवा राखणीला निरुपयोगी असलेल्या आजारी पिल्लाची काळजी घेतली गेली, हे या शोधाचे विशेष होय. भारतात काश्मीरमधील बुर्झहोम या नवाश्मयुगीन स्थळीही माणसांबरोबर कुत्री पुरल्याचे आढळले आहे.

महाराष्ट्राच्या लोकधर्मात खंडोबा आणि दत्तात्रेय या दोन्ही दैवतांसोबत कुत्रा दाखवला जातो. व्यवहारात तो अंगणातला, गोठ्यातला किंवा धनगरांच्या मेंढरांबरोबर हिंडणारा राखणदार होता. दख्खनमधील कारवानी आणि उत्तर कर्नाटकातील मुधोळ हाउंड ही सडपातळ, वेगवान कुत्री शिकारीसाठी प्रसिद्ध आहेत. अशा कुत्र्याला मुद्दाम कोणी ‘बस’ किंवा ‘थांब’ शिकवत नसे. दिवसभर मोकळा हिंडून, माणसे व जनावरे पाहून तो आपोआप शिके. शहरी सदनिकेतील कुत्र्याला ही शाळा मिळत नाही. त्याच्या वाट्याला दिवसाचे बरेच तास बंद दार, उद्वाहनातील अनोळखी माणसे आणि पट्ट्याच्या लांबीएवढे जग येते. घरगुती कुत्र्याच्या औपचारिक प्रशिक्षणाची गरज मुख्यतः या बदलातून निर्माण झाली.

शिकण्याची प्रक्रिया

रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी पचनक्रियेचा अभ्यास करताना, अन्नाची चाहूल देणाऱ्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे दाखवले. (त्यांना १९०४ साली मिळालेले नोबेल पारितोषिक पचनसंस्थेवरील संशोधनासाठी होते.) यास अभिजात अभिसंधान म्हणतात. पट्टा हातात घेताच कुत्र्याने नाचू लागणे आणि दवाखान्याच्या पायरीशीच थरथरणे, ही दोन्ही त्याची घरगुती उदाहरणे आहेत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक आणि पुढे बी. एफ. स्किनर यांनी वर्तन आणि त्याचा परिणाम यांतील संबंध स्पष्ट केला. ज्या कृतीनंतर प्राण्याला हवे ते मिळते ती कृती वाढते आणि जिच्यातून काहीच मिळत नाही ती हळूहळू मावळते. येथे ‘हवे ते’ म्हणजे केवळ खाऊ नव्हे. दार उघडणे, चेंडू फेकणे, वास घेण्यासाठी थांबू देणे, इतकेच काय ओरडून दिलेले लक्षही, काही कुत्र्यांना बक्षीस वाटते. अंगावर उडी मारणाऱ्या कुत्र्याला दोन्ही हातांनी ढकलणारा मालक पुष्कळदा त्याच्याशी खेळतच असतो.

परिणाम कृतीनंतर किती लवकर मिळतो, हा कळीचा मुद्दा आहे. बक्षीस एक-दोन सेकंदांत मिळाले तरच त्याचा संबंध कृतीशी जुळतो. हा अवधी साधण्यासाठी ‘क्लिकर’ हे टिकटिक असा आवाज करणारे छोटे साधन वापरतात. आधी आवाज आणि खाऊ यांची सांगड घातली जाते आणि मग योग्य कृतीच्या नेमक्या क्षणी तो आवाज केला जातो. डॉल्फिनच्या प्रशिक्षणातून आलेल्या कॅरेन प्रायर यांच्या १९८४ सालच्या पुस्तकामुळे या पद्धतीचा सामान्य श्वानपालकांत प्रसार झाला. क्लिकर नसला तरी ‘शाब्बास’ हा एकच शब्द सातत्याने वापरूनही तेच साधते.

बक्षीस कधी मिळते आणि कधी नाही, असे झाल्यास सवय अधिक चिवट बनते. जेवणाच्या ताटाजवळ भुंकणाऱ्या कुत्र्याला नऊ वेळा दुर्लक्षून दहाव्यांदा पोळीचा तुकडा दिला, तर तो भुंकणे सोडत नाही. अधिक वेळ भुंकायला शिकतो. घरातील आजी-आजोबा, मुले आणि घरकामाला येणाऱ्या व्यक्ती यांचे नियम एकसारखे असावेत, असे प्रशिक्षक बजावतात ते यासाठीच. घरोघरी हा नियम मोडतो तो मुख्यतः ताटाशीच.

शिक्षा व वर्चस्वाची कल्पना

जर्मन प्रशिक्षक कॉनराड मोस्ट यांच्या १९१० सालच्या पुस्तकापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पट्ट्याचा हिसका आणि सक्ती यांना प्रशिक्षणात मोठे स्थान होते. पुढे या पद्धतीला लांडग्यांच्या कळपातील ‘म्होरक्या’च्या कल्पनेचा आधार दिला गेला. ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून १९४७ मध्ये मांडली होती आणि डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या ग्रंथामुळे ती सर्वदूर पोहोचली. मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलेल्या निबंधात ती दुरुस्त केली. निसर्गातील लांडग्यांचा कळप हे बहुधा आईबाप आणि त्यांची पिले असे कुटुंब असते. तेथे सत्तेसाठी सततची झुंज नसते. तरीही ‘कुत्र्याला त्याची जागा दाखवली पाहिजे’ हे विधान अजून ऐकू येते.

शिक्षेने वर्तन थांबत नाही असे नाही. पण कुत्रा नेमके काय शिकला हे तिच्यात हाती राहत नाही. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, त्याची भीती मात्र तशीच राहते. पुढच्या वेळी तो सूचना न देता चावू शकतो. उशिरा परतलेल्या कुत्र्याला रागावल्यास त्याच्या लेखी ती पळण्याची नव्हे, परत येण्याची शिक्षा ठरते. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये केलेल्या प्रयोगांत, टाळता न येणारे विजेचे झटके सोसलेली अनेक कुत्री, पुढे सुटका शक्य असतानाही प्रयत्नच करीनाशी झाली. मारकुट्या घरातील ‘अतिशय शांत’ कुत्र्याकडे पाहताना हा प्रयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

घरी नासधूस केलेला कुत्रा मान खाली घालून ‘अपराधी’ दिसतो, हा पुष्कळांचा अनुभव आहे. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ सालच्या अभ्यासात, हे भाव कुत्र्याने चूक केली होती की नाही यापेक्षा मालक रागावतो की नाही यावर अवलंबून असल्याचे दिसून आले.

पिल्लूपणातील पेच

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या अमेरिकेतील दीर्घ संशोधनातून (ग्रंथरूपाने प्रसिद्ध १९६५) पिल्लाच्या सामाजिक जडणघडणीचा संवेदनशील काळ पुढे आला. तो साधारणपणे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. या काळात भेटलेली माणसे, मुले, इतर प्राणी, रिक्षाचा आवाज, कुकरची शिटी आणि छत्री पिल्लाच्या दृष्टीने ‘नेहमीच्या’ यादीत जातात. त्यानंतर प्रथमच भेटलेल्या गोष्टींविषयी संशय अधिक असतो.

अडचण अशी की, नेमके हेच आठवडे संसर्गाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण ओसरत असते आणि लसीकरण पूर्ण झालेले नसते. १९७८ मध्ये जगभर पसरलेला श्वान पार्व्होव्हायरस मातीत व वस्तूंवर अनेक महिने टिकतो. त्याने रक्ती हगवण व उलट्या होऊन पिल्लू काही दिवसांत दगावू शकते. म्हणून पार्व्हो, डिस्टेंपर इत्यादींवरील लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सुमारे सोळाव्या आठवड्यापर्यंत दिल्या जातात. लसीकरण संपेपर्यंत पिल्लाला दाराबाहेर काढायचेच नाही असे ठरवले, तर जडणघडणीचा काळ निघून जातो. प्राणिवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने या पेचात मध्यममार्ग सुचवला आहे. पहिली लस व जंतनाशक दिल्यानंतर किमान सात दिवसांनी, स्वच्छ जागी आणि लसीकरण झालेल्या कुत्र्यांबरोबर पिल्लाचे समाजीकरण सुरू करावे, असे तिचे मत आहे. पिल्लाला कडेवर किंवा टोपलीत घेऊन बाजार दाखवणे आणि पाहुण्यांना घरी बोलावणे हे त्यातल्या त्यात सोपे उपाय होत. भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या मातीत मात्र त्याला सोडू नये.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडणे हानिकारक असते. चावण्याचा जोर आवरण्याचे पहिले धडे ते आई व भावंडांकडूनच घेते. भारतातील २०१७ च्या श्वानपैदास व विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लाची विक्री करता येत नाही.

रोजच्या अडचणी

झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर पिल्लाला ठरलेल्या जागी नेणे व तेथे मलमूत्र विसर्जन करताच बक्षीस देणे, हा स्वच्छतेच्या शिक्षणाचा गाभा आहे. केलेल्या घाणीत नाक घासण्याचा जुना उपाय निरर्थक असून, त्याने पिल्लू लपून विधी उरकायला शिकते.

एकटे राहण्याचे शिक्षण बहुतेक घरांत राहून जाते. सुट्टी किंवा घरून काम असताना आणलेल्या पिल्लाला अखंड सोबत मिळते आणि मग एके दिवशी दार आठ तासांसाठी बंद होते. अशा वेळी सतत रडणे, दार ओरबाडणे, घरात लघवी होणे हे खोडसाळपणाचे नव्हे, तर वियोगाच्या अस्वस्थतेचे लक्षण असू शकते. अर्ध्या मिनिटापासून सुरुवात करून हळूहळू अवधी वाढवणे उपयोगी पडते. दिवाळीतील फटाक्यांच्या भीतीवरही हेच तत्त्व लागू आहे: ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावून त्याबरोबर आवडीचा खाऊ द्यायचा आणि कित्येक आठवड्यांत आवाज वाढवत न्यायचा. ही तयारी श्रावण-भाद्रपदात व्हावी लागते; लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फार तर बंद खोली आणि सोबत देता येते.

आरोग्य

श्वानपालनातील सर्वांत गंभीर चिंता रेबीजची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे मरण पावतात आणि त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू भारतात होतात. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. परंतु वेळेवर लस घेतल्यास तो पूर्णपणे टाळता येतो. कुत्र्याला पहिली लस सुमारे तीन महिन्यांच्या वयात, नंतर वर्धक मात्रा आणि भारतात पुढे दरवर्षी दिली जाते. कुत्रा चावल्यास, तसेच जखमेवर त्याची लाळ लागल्यास, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्वरित रुग्णालयात जावे. हळद, चुना किंवा तिखट लावू नये. चावणारा कुत्रा घरचा व लस दिलेला असला तरी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो.

पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. गोचिडांमुळे पसरणारे ताप भारतात सर्रास आढळतात. म्हणून फिरून आल्यावर कान, बगला व बोटांमधील फटी तपासाव्यात.

केवळ दूध-पोळी किंवा वरण-भात हा कुत्र्यासाठी पुरेसा आहार नाही. त्यात प्रथिने कमी पडतात आणि अनेक प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ कुत्र्यांना विषारी आहेत. शिजवलेल्या हाडांच्या कपच्या आतड्यात रुततात. माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय देणे जिवावर बेतू शकते.

कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. पग, बुलडॉग यांसारख्या आखूड नाकाच्या जातींना ते नीट साधत नाही आणि उन्हाळ्यात उष्माघाताचा धोका वाढतो. दाट केसांचा सायबेरियन हस्की विदर्भाच्या मे महिन्यात पाळणे, ही हौस कुत्र्याच्या खर्चाने केलेली असते.

कायदेशीर बाजू

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार पाळीव प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणे, तसेच अवाजवी आखूड साखळीने किंवा अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठीचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे. प्राण्यापासून इतरांना धोका होऊ नये याची दक्षता न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनिर्मूलन व नसबंदी यांची जबाबदारी मालकावर टाकली आहे. मुंबई, पुणे यांसारख्या महापालिकांचा परवानाही घ्यावा लागतो. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर निर्बंध आणणारे परिपत्रक काढले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये रद्द केले.

सहवास व वार्धक्य

जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कुत्रा व मालक एकमेकांकडे दीर्घकाळ पाहत असताना दोघांतही ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढल्याचे आढळले. आई व तान्हे मूल यांच्यातील बंधातही याच संप्रेरकाचा वाटा असतो. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत असा परिणाम दिसला नाही.

कुत्र्याचे आयुष्य साधारणपणे दहा ते पंधरा वर्षांचे असते. महाकाय जातींचे त्याहून कमी. उतारवयात मोतीबिंदू, सांधेदुखी, बहिरेपणा आणि काहींत स्मृतिभ्रंशासारखी लक्षणे दिसतात: रात्री येरझारा घालणे, कोपऱ्यात अडकून उभे राहणे, घरात लघवी होणे. लहानपणी शब्दांबरोबर हाताच्या खुणाही शिकवलेल्या असतील, तर ऐकू येईनासे झाल्यावरही संवाद चालू राहतो. असाध्य वेदनेत पशुवैद्याकडून दयामरण देता येते. कुत्रा स्वतः खातो का, उठू शकतो का, ओळखीच्या माणसाला प्रतिसाद देतो का, यांची रोज नोंद ठेवल्यास तो निर्णय केव्हा घ्यावा हे कुटुंब व पशुवैद्य यांना ठरवता येते.