विमापत्राचे वाचन

परदेशात घर घेणारा मनुष्य त्याचा विमा निवडताना आधी हप्ता पाहतो, मग भरपाईची रक्कम. अपवादांचे कलम तो सहसा वाचत नाही. आमच्या मते वाचनाचा आरंभ तेथूनच व्हावा. त्या भूमीवर कोसळलेल्या आपत्तींचा इतिहास त्याच कलमात साठलेला असतो.

सॅन फ्रान्सिस्कोचे उदाहरण घेऊ. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे तेथे भूकंप झाला, पाठोपाठ आगी लागल्या आणि सुमारे २८,००० इमारती नष्ट झाल्या. घरांचे विमे होते ते आगीचे, भूकंपाचे नव्हेत. शिवाय अनेक विमापत्रांत असे कलम होते की, आगीखेरीज अन्य कारणाने इमारत कोसळल्यास विमा तत्क्षणी संपुष्टात येईल. साहजिकच सारा वाद एका प्रश्नापाशी येऊन ठेपला : घर आधी पडले की आधी पेटले? राखेतून याचे उत्तर मिळणे कठीण होते. लंडनच्या लॉइड्समधील कथबर्ट हीथ यांनी अटींचा काथ्याकूट न करता आपल्या विमाधारकांना पूर्ण भरपाई देण्याची सूचना तारेने धाडली. काही जर्मन कंपन्यांनी मात्र दायित्वच नाकारले. कलमाच्या शब्दांइतकाच त्यांचा अर्थ लावणाराही महत्त्वाचा ठरतो, हे येथे दिसते.

पुढे प्रत्येक देशाने आपापल्या अनुभवातून निराळी वाट काढली. जपानमध्ये १९६४ च्या निईगाता भूकंपानंतर, १९६६ साली घरांसाठी भूकंपविम्याची व्यवस्था झाली. तो आगीच्या विम्याला जोडूनच मिळतो आणि त्याची रक्कम मूळ विम्याच्या ३० ते ५० टक्के असते. फ्रान्सने १९८२ च्या कायद्याने नैसर्गिक आपत्तींचे संरक्षण मालमत्तेच्या विम्याला सक्तीने जोडले. कॅलिफोर्नियात १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर खासगी कंपन्या घरांचे नवे विमे देण्यास कचरू लागल्या, तेव्हा १९९६ मध्ये राज्याने स्वतंत्र संस्था उभारली. तेथील नेहमीच्या गृहविम्यात भूकंप आजही येत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो.

भारतात २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यात भूकंप अंतर्भूत आहे. तीच अपेक्षा धरून कॅलिफोर्नियातील घराचे विमापत्र घेणाऱ्या मराठी घरमालकाची फसगत होण्याचा संभव म्हणूनच मोठा. दूर राहणाऱ्या मालकाने आणखी एक कलम पाहावे : घर सलग किती दिवस बंद राहिले तर चोरीचे वा फुटलेल्या नळाचे संरक्षण थांबते? ही मर्यादा पुष्कळदा ३० किंवा ६० दिवसांची असते. वर्षातून एकदाच कुलूप उघडणाऱ्याच्या दृष्टीने हप्त्यातील सवलतीपेक्षा हा आकडा अधिक मोलाचा आहे.

साहित्याचे विद्यार्थी संहितेतील अनुच्चारिताकडे लक्ष देण्यास शिकतात. तीच दृष्टी विमापत्राकडे वळवावी, एवढेच आमचे सांगणे. येथे चुकीच्या वाचनाची किंमत घराएवढी असते.