रंगमहालातला पंचम

ताक विकणाऱ्या एका बाईमुळे मी या भानगडीत पडलो. बाई सौराष्ट्रातली, आणि ती भेटते पाणिनीय शिक्षेत, म्हणजे वेदांचे उच्चार शिकवणाऱ्या जुन्या ग्रंथात. स्वर नाकात घोळवून कसा काढावा? तर सौराष्ट्रातली बाई ताकाची हाळी देते तसा. आणि या स्वराचं नाव काय? रंग! ऋग्वेदाच्या प्रातिशाख्यात तर अनुनासिकाला ‘रक्त’च म्हटलंय. रक्त म्हणजे रंगवलेला. आवाजाला रंग चढतो ही आपल्याला कविकल्पना वाटते. उच्चार शिकवणाऱ्या पंतोजींना ती रोजच्या वापरातली संज्ञा होती.

हल्ली कलादालनांत एक मांडणी पाहायला मिळते. माइकसमोर ‘आ’ लावला की भिंत निळी होते, टाळी वाजवली की पिवळी. तिचं कूळ सांगणारे न्यूटनपासून सुरुवात करतात. 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये त्याने सात रंग स्वरांच्या अंतरांवर बसवले, 1725 मध्ये कास्टेल या फ्रेंच पाद्र्याने रंग दाखवणाऱ्या वाद्याची कल्पना मांडली, 1915 मध्ये न्यूयॉर्कला संगीतकार स्क्रियाबिनचं ‘प्रोमेथियस’ रंगीत दिव्यांसह वाजलं. ठीक आहे. माझी वंशावळ मात्र बुलढाणा जिल्ह्यातून निघते.

सिंदखेडराजाला जाधवांचा रंगमहाल दाखवतात. लहानगे शहाजीराजे आणि जिजाऊ रंगपंचमीला इथे रंग खेळले, लखुजीराजे थट्टेत म्हणाले, जोडा छान दिसतो, आणि मालोजींनी तो शब्द धरून ठेवला, ही बखरीतली गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. म्हणून हा रंगमहाल, असं लोक सांगतात. पण वर्षातून एकदा येणाऱ्या सणाचं नाव कुणी अख्ख्या वास्तूला देईल, हे माझ्या गळी उतरत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, महाल रंगवलेला, म्हणून रंगमहाल. या पक्षाकडे दाखले भक्कम आहेत. बीदरच्या किल्ल्यात रंगीत फरशांचा रंगीन महाल आहे, दिल्लीच्या लाल किल्ल्यात रंगमहाल. शिवाय फारसीतही रंग म्हणजे रंगच.

माझा कौल तिसरीकडे. जुन्या देवळाच्या मंडपात मधोमध एक गोल, किंचित उचललेली शिळा असते, नाचगाण्यासाठी. तिला रंगशिळा म्हणतात आणि त्या मंडपाला रंगमंडप. तिथे रंगाचा हातही लागलेला नसतो; नुसता काळा दगड. रंगभूमीतला रंग तोच. तेव्हा रंगमहाल म्हणजे मैफलीची जागा, असं मी धरून चालतो. बखरीतली ती रंगपंचमीही अखेर एक बैठकच होती.

हे दोन रंग वेगळे, असं कुणी म्हणेल. पण मोनियर-विल्यम्सचा संस्कृत कोश उघडा. कपड्याचा रंग, नाकातला स्वर आणि नाट्याची जागा, तिन्ही एकाच नोंदीत शेजारी बसलेत. मूळ धातू ‘रञ्ज्’. ‘राग’ही त्याचाच. पाणिनीच्या लेखी राग म्हणजे कापड रंगवायचं द्रव्य. पुढे मतंगाने ‘बृहद्देशी’त गाण्यातल्या रागाची व्याख्या केली, तीही याच रंजनावर. रंगारी मंजिष्ठाच्या कढत पाण्यात तुरटी लावलेलं कापड बुडवतो. तुरटी नसेल तर रंग बसत नाही. गवयाचंही तेच: तंबोरा नीट जुळला नाही तर रंग बसत नाही. दोघांचं क्रियापदही एकच, रंग चढतो.

आता जाधवांकडे. हे घराणं आपलं मूळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेतं. आणि त्याच देवगिरीला, सिंघण यादवाच्या दरबारात, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. आजा काश्मीरहून आलेला, स्वतः राज्याच्या हिशेबखात्यात अधिकारी. हिशेबी माणसाला शोभेल असा त्याने सात स्वरांचा तक्ताच मांडला: कुणाची देवता कोणती, ऋषी कोण, छंद कोणता, आणि रंग कोणता. सा कमळासारखा, रे तांबूस पिवळा, ग सोनेरी, म कुंदासारखा पांढरा, प काळा, ध पिवळा, नी कबरा. न्यूटनच्या चारशेहून अधिक वर्षं आधी!

न्यूटनने हा तक्ता पाहिला असं मी म्हणत नाही. शार्ङ्गदेव आणि लखुजी यांच्यातही जवळपास साडेतीनशे वर्षांची दरी आहे, आणि तीवरून मी उडी मारतोय हेही कबूल. पण रंग हा शब्द तीवरून माझ्याआधीच उडी मारून गेलाय.

म्हणून मांडणी करणाऱ्यांना एक विनंती. सिंदखेडराजाला कधी असा खेळ मांडलात तर शार्ङ्गदेवाचा तक्ता वापरा. सा लागला की भिंत कमळाची करा, नी लागला की कबरी. पंचमाला मात्र अडाल, कारण काळा उजेड पाडणारा दिवा नसतो. पंचम लागला की सगळे दिवे मालवा, आणि अंधारात नुसता ऐका.