विकास बँकांचे काम आणि भंडाऱ्याचे जाणकार

जागतिक बँक, मनिला येथील आशियाई विकास बँक आणि रोम येथील आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी या संस्था ग्रामीण प्रकल्पांना कर्ज देतात. त्या कामांसाठी ठरावीक मुदतीच्या करारावर सल्लागार नेमले जातात. जलसिंचन, बचतगट, पुनर्वसन, शेतमाल विपणन ही त्यातील नेहमीची क्षेत्रे होत.

भंडारा जिल्ह्याला हे विषय नवे नाहीत. माजी मालगुजारी तलावांचे जाळे, गोसीखुर्दमुळे झालेले विस्थापन आणि धानशेती यांचा अनुभव येथे पिढीजात आहे. निधीच्या साहाय्याने 'माविम'ने २००७ ते २०१८ या काळात राबविलेला 'तेजस्विनी' कार्यक्रम राज्याच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोहोचला. त्यातून बचतगटांच्या लोकसंचालित साधन केंद्रांची घडी बसली. आशियाई बँकेने २०१९ मध्ये राज्यातील ३४ जिल्ह्यांच्या ग्रामीण रस्त्यांसाठी २० कोटी डॉलरचे कर्ज दिले.

नेमणूक कोण करते?

येथेच अनेकांची गल्लत होते. कर्जातून चालणाऱ्या प्रकल्पात सल्लागाराची निवड बँक नव्हे, तर कर्जदार शासनाची यंत्रणा करते. बँकेचे नियम मात्र पाळावे लागतात. स्वतःच्या अभ्यासासाठी लागणारे तज्ज्ञ बँक थेट नेमते. जागतिक बँकेच्या अल्पमुदती सल्लागाराला एका आर्थिक वर्षात कमाल १५० दिवस काम मिळते. आशियाई बँकेत मायदेशातील कामासाठी 'राष्ट्रीय', तर परदेशातील कामासाठी 'आंतरराष्ट्रीय' सल्लागार अशी विभागणी असते. त्यामुळे भंडाऱ्याचा तलावतज्ज्ञ नेपाळमधील कामासाठी आंतरराष्ट्रीय ठरू शकतो. भारत १९८३ पासून आफ्रिकी विकास बँकेचाही सदस्य असल्याने तेथील कामेही भारतीयांना खुली आहेत.

तयारी आणि सावधगिरी

अर्जात पदवीइतकेच महत्त्व केलेल्या कामाच्या नेमक्या नोंदीला असते: किती गावे, कोणती जबाबदारी, कोणता अहवाल. इंग्रजीत नेटका अहवाल लिहिता येणे जवळपास अनिवार्य असते. गावपातळीवरील अनेक जाणकार येथेच मागे पडतात. त्यांच्या वाट्याला शहरी कंपन्यांच्या हाताखालील सर्वेक्षणाची रोजंदारी येते आणि अहवालावर नाव दुसऱ्याचे लागते. आपण केलेल्या कामाचे प्रमाणपत्र व अहवालाची प्रत वेळीच मागून घेणे, हा त्यावरील पहिला उपाय होय.

बँकांच्या अधिकृत संकेतस्थळावरील नोंदणीला शुल्क नसते. 'परदेशी कंत्राट मिळवून देतो' म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्यापासून दूर राहावे. खोटी माहिती देणाऱ्यावर बंदी येऊ शकते. २०१० च्या परस्पर करारानुसार एका बँकेने घातलेली बंदी एक वर्षाहून अधिक मुदतीची असल्यास इतर चार बँकाही ती लागू करू शकतात.