लोकमान्यांचा मधुमेह आणि मंडालेचें पथ्य

गायकवाड वाड्यांत राहावयास जाण्यापूर्वीं लोकमान्य टिळक यांचें बिऱ्हाड सदाशिव पेठेंतील विंचूरकर वाड्यांत होतें. मधुमेहाचा विषय निघाला म्हणजे पेठेच्या ह्या थोर रहिवाशाचें उदाहरण पुष्कळदां देण्यांत येतें. त्याचा मथितार्थ बहुधा असा असतो कीं, लोकमान्यांनीं औषधावांचून, केवळ सातूच्या अन्नावर, मधुमेह जिंकला; मग आपणच गोळ्या कां घ्याव्या ? हें विधान निरुपद्रवी नाहीं. त्यावर विसंबून जो चालू औषध टाकील त्याचे डोळे, मूत्रपिंडें व पाय धोक्यांत येतात. म्हणून त्याची छाननी करणें अवश्य आहे. विधानाचे भाग तीन : औषधावांचून, सातूवर, आणि जिंकला. ते क्रमानें पाहूं.

प्रथम औषधाचा भाग घेऊं. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजीं मुंबईस निवर्तले. टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं स्वादुपिंडाच्या अर्काचे प्रयोग १९२१ सालीं केले, आणि इन्शुलिन मनुष्यास प्रथम टोंचलें गेलें तें जानेवारी १९२२ मध्यें. म्हणजे हें औषध लोकमान्यांच्या पश्चात् दीड वर्षाच्या आंत अवतरलें. आज सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी तर १९५७ सालीं पॅरिसच्या एका वैद्यानें मधुमेहावर प्रथम वापरली. तात्पर्य, जें औषध जन्मासच आलें नव्हतें तें लोकमान्यांनीं नाकारलें, असें म्हणतां येत नाहीं. पथ्य हा त्यांच्यापुढें दोन मार्गांपैकीं एक नव्हता. खात्रीचा म्हणावा असा तेवढाच मार्ग होता.

तो मार्ग मात्र जुना व अनुभवाचा होता. चरकानें प्रमेहाच्या कारणांत बसून राहण्याचें व झोंपेचें सुख, दहीं, नवें धान्य व गुळाचे पदार्थ सांगितले असून पथ्यांत जवाला अग्रस्थान दिलें आहे. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत प्रमेहाचे सहज व अपथ्यजन्य असे दोन भेद आहेत. त्यांपैकीं स्थूल रोग्यास श्रम सांगितले आहेत : निर्धनानें अनवाणी, छत्रीवांचून, भिक्षेवर राहून शंभर योजनें चालावें, कोणी विहीर खणावी. कृश रोग्याचें मात्र बल राखावें. सर्वांस एकच उपाय नव्हे, हा ह्या ग्रंथांतील विवेक ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. युरोपांतहि प्रवाह तोच होता. रोलो ह्या लष्करी वैद्यानें १७९७ सालीं मांसप्रधान आहार प्रसिद्ध केला. १८७०-७१ च्या वेढ्यांत पॅरिसला अन्न दुर्मिळ होतांच रोग्यांच्या लघवींतील साखर नाहींशी होते असें बुशार्दा यास आढळलें. आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेंत ॲलननें उपासाची चिकित्सा रूढ केली.

आतां सातूकडे वळूं. लोकमान्यांची प्रकृति मूळची सुदृढ नव्हती. डेक्कन कॉलेजांत पहिलें वर्ष त्यांनीं अभ्यासापेक्षां तालीम व पोहणें यांत घालविलें व परीक्षेचें एक वर्ष गमावून शरीर कमावलें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तरी पुढें मधुमेह जडलाच. जुलै १९०८ मध्यें राजद्रोहाच्या खटल्यांत बॅरिस्टर जिना यांनीं त्यांच्या जामिनासाठीं जो अर्ज चालविला त्यांत ह्या रोगाचें कारण पुढें केलें होतें. जामीन मिळाला नाहीं. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि सप्टेंबरांत त्यांना मंडालेस नेलें. तेथें गहूं व तांदूळ मागें सारून त्यांनीं सातूचा आश्रय केला. हाताखालीं स्वयंपाकास कुलकर्णी नांवाचा मराठी कैदी होता. त्याच्या आठवणी बापटांच्या संग्रहांत आहेत.

येथें एका शब्दाचा खुलासा हवा. सातू म्हणजे जव. हल्लीं वाण्याकडे सातूचें पीठ म्हणून जें मिळतें त्यांत बहुधा भाजलेले गहूं व डाळें असतात, आणि घरोघर तें गूळ-दूध घालून खातात. तें मंडालेचें पथ्य नव्हे. जवांतील चिकट तंतूंमुळें पोटांतून साखर सावकाश रक्तांत उतरते, हा त्याचा गुण आजच्या शास्त्रासहि मान्य आहे. परंतु मंडालेस एकटा जवच काम करीत नव्हता. ठराविक वेळीं मोजकें अन्न, मेजवान्या नाहींत, दौरे नाहींत, रात्रीच्या सभा नाहींत. सुश्रुतानें जें व्रत स्वेच्छेनें घ्यावयास सांगितलें त्याचा बराच अंश सरकारनें सक्तीनें पाळावयास लाविला. अर्थात् गुणाचें श्रेय एकट्या धान्यास देतां येणार नाहीं.

राहिला शब्द जिंकला. आपलीं साधनें दोन प्रकारचीं. तुरुंगांतून लिहिलेलीं पत्रें अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जात, आणि घरच्यांस धीर देणें हा अशा पत्रांचा सहज हेतु असतो. आठवणी तर पुष्कळ वर्षांनीं लिहिल्या गेल्या. याहून महत्त्वाची गोष्ट मोजमापाची. त्या काळीं रोगाचा उतार लघवींतील साखरेवरून ठरत असे. परंतु रक्तांतील साखर साधारणपणें शंभर मिलिलिटरांस १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावांचून ती लघवींत उतरत नाहीं, आणि उपाशीपोटीं १२६ मिलिग्रॅम भरली तरी आज मधुमेह मानितात. म्हणजे लघवी निर्मळ असूनहि रोग शरीरांत असूं शकतो. म्हणून पथ्यानें रोग आटोक्यांत राहिला इतकेंच म्हणणें न्याय्य आहे. जिंकला ह्या शब्दास पुराव्याचा आधार नाहीं.

एवढ्यानें पथ्याची किंमत कमी होते असें मात्र कोणीं समजूं नये. रोगाच्या उंबरठ्यावरील माणसांवर अमेरिकेंत झालेल्या मोठ्या परीक्षेचा निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला : आहार व व्यायाम यांनीं रोग जडण्याचें प्रमाण ५८ टक्क्यांनीं घटलें, मेटफॉर्मिननें ३१ टक्क्यांनीं. ब्रिटनमध्यें, रोग जडून सहा वर्षें उलटलीं नव्हतीं अशा स्थूल रोग्यांना वैद्यांच्या देखरेखीखालीं कांहीं महिने अत्यल्प आहारावर ठेविलें. २०१७ च्या निष्कर्षाप्रमाणें वर्षाअखेर ४६ टक्के रोगी औषधावांचून मधुमेहाच्या मर्यादेखालीं होते. परंतु दुसऱ्या वर्षाअखेर तें प्रमाण ३६ वर आलें. वैद्य ह्या स्थितीस बरें होणें न म्हणतां उतार म्हणतात तें ह्याचसाठीं. शिवाय ही कथा दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाची. पहिल्या प्रकारांत शरीर इन्शुलिन जवळजवळ बनवीतच नाहीं. तेथें तें टाकून पथ्यावर राहणें म्हणजे मृत्यूस बोलावणें होय.

पुणेकरांस आणखी एक गोष्ट लागू आहे. रास्ता पेठेंतील के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं दाखवून दिलें कीं, आपल्याकडील माणूस दिसावयास सडपातळ असूनहि त्याच्या शरीरांत, विशेषतः पोटांत, चरबी अधिक असूं शकते. २००४ सालीं त्यांनीं आपली व एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली : दोघांचें वजन उंचीच्या मानानें सारखेंच, पण याज्ञिकांच्या अंगीं चरबी दुपटीहून अधिक. तेव्हां आरशांत पाहून आपणांस व्यायामाची गरज नाहीं असें ठरविणें येथें धोक्याचें आहे.

असो. लोकमान्यांच्या उदाहरणाचा खरा अर्थ गोळी टाका असा होत नाहीं. हातीं जें साधन होतें तें त्यांनीं तुरुंगांतहि निष्ठेनें वापरलें, असा होतो. आज आपल्या हातीं साधनें अधिक आहेत. जव, चालणें व मिताहार हीं त्यांतलीं पहिलीं खरीं. पण औषध कमी करावयाचें तें रक्त तपासून व वैद्याच्या सल्ल्यानें, लोकमान्यांच्या नांवावर नव्हे.