छाप्यावर थोरला, काट्यावर धाकटा

पदक म्हटले की छातीवरची रंगीत फीत आठवते. मी सांगतो आहे ते पदक कुणी छातीवर लावण्यासाठी नव्हते. तळहातावर घ्यायचे, उलटसुलट करून बघायचे, पुन्हा कपाटात ठेवायचे. ब्राँझचे, जेमतेम साडेसहा सेंटिमीटर रुंदीचे. एका बाजूला लोरेन्झो दे मेदिची, दुसऱ्या बाजूला त्याचा धाकटा भाऊ जुलियानो. साल १४७८, गाव इटलीतले फ्लॉरेन्स.

फ्लॉरेन्स म्हणायला प्रजासत्ताक. लोरेन्झोच्या डोक्यावर मुकुट नव्हता. पण पेढीचा पैसा आणि माणसे राखण्याची हातोटी यांच्या जोरावर शहर त्याच्या शब्दावर चाले. पात्सी हे दुसरे सावकार घराणे. पोप सिक्स्टस चौथा याने आपले खाते मेदिचींकडून काढून पात्सींना दिले, तेव्हाच दोन घराण्यांतली तेढ चव्हाट्यावर आली होती. २६ एप्रिल १४७८, रविवार. मोठ्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना दोघा भावांवर हल्ला झाला. जुलियानोवर एकोणीस वार झाले, वय चोवीस. लोरेन्झोच्या मानेला जखम झाली, पण तो शेजारच्या खोलीत शिरला आणि सोबत्यांनी दारे लावून घेतली. ती दारेही ब्राँझचीच होती.

बेर्तोल्दो दी जोव्हानी या शिल्पकाराने त्याच वर्षी हा प्रसंग पदकावर आणला. चर्चमधला अष्टकोनी कठडा आणि त्यावर एवढे मोठे डोके, की खालची माणसे मुंग्यांएवढी वाटावीत. त्या मुंग्यांतच तलवारी उपसलेल्या आहेत, कुणी पडतो आहे, कुणी पळतो आहे, आणि आतल्या बाजूला पाद्र्यांचा विधी चाललेलाच आहे! ओतकाम प्रातो गावच्या आंद्रेआ ग्वाझालोतीकडे होते. त्या सप्टेंबरात त्याने लोरेन्झोला पत्र लिहून चार पदके पाठवली.

आमच्या घरांत भिंतीवर तसबिरीपेक्षा अक्षरे टांगण्याची रीत. त्यामुळे माझी नजर आधी लिहिलेल्या शब्दांवर जाते. लोरेन्झोच्या बाजूला लॅटिनमध्ये दोनच शब्द आहेत : लोकांचे क्षेम. जुलियानोच्या बाजूला : लोकांचा शोक. कवितेत इतकी काटकसर मला साधत नाही. पण हे शब्द भाबडे नाहीत. एका कुटुंबावरचा घाला बघता बघता साऱ्या लोकांचा होऊन गेला. लोरेन्झो वाचला म्हणजे शहर वाचले! पात्सींच्या म्हाताऱ्याने त्याच दिवशी रस्त्यावर ‘लोक आणि स्वातंत्र्य’ अशी घोषणा दिली होती. लोक त्याच्यामागे गेले नाहीत. पदकाने मात्र ‘लोक’ हा शब्द उचलला आणि मेदिचींच्या नावाशेजारी बसवला.

त्यानंतरचे काही पदकावर नाही. नगरसभेच्या खिडक्यांतून माणसे फासावर लटकवली गेली. त्यांत पिसाचा आर्चबिशपसुद्धा होता. पोपने लोरेन्झोला बहिष्कृत केले आणि युद्ध पेटले.

जुलियानोच्या मारेकऱ्यांपैकी बेर्नार्दो बांदिनी निसटला आणि थेट कॉन्स्टँटिनोपलला पोहोचला. तिथे सुलतान मेहमेद दुसरा राज्य करत होता. १४५३ साली ते शहर जिंकणारा हाच. ख्रिस्ती जगाला ज्याची धास्ती, त्याच्या राज्यात आपल्याला कोण शोधणार, असा बांदिनीचा हिशेब असावा. सुलतानाने त्याला पकडून फ्लॉरेन्सच्या हवाली केले. पोपशी लढणाऱ्या शहराला मदत मिळाली ती सुलतानाकडून! २९ डिसेंबर १४७९ रोजी बांदिनी फासावर गेला. लिओनार्दो द विंची तेव्हा २७ वर्षांचा होता. त्याने लटकणाऱ्या देहाचे रेखाचित्र काढले आणि बाजूला कपड्यांचे रंग टिपले : काळे साटीन, निळा कोट, आतून कोल्ह्याची लोकर. दुःख की समाधान, एक शब्द नाही.

पुढे १४८० च्या सुमारास याच बेर्तोल्दोने आणखी एक पदक केले. ते मेहमेदचे होते. सुलतानाचे आभार म्हणून लोरेन्झोनेच ते करवून घेतले, असा अभ्यासकांचा कयास आहे. एका बाजूला फेटा बांधलेला सुलतान. दुसऱ्या बाजूला त्याचा विजयरथ आणि रथावर एका दोरीने बांधलेल्या तीन स्त्रिया. प्रत्येकीजवळ तिचे नाव कोरलेले आहे : ग्रीस, त्राबझोन, आशिया.