योगदंडाशी लागलेलं लग्न

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीच्या सुमारास जे लग्न लागतं, त्यात नवरा उभा राहत नाही, त्याचा योगदंड उभा राहतो. नवरा म्हणजे बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर: तळं खोदणारे, पंचक्रोशीत 68 लिंगं स्थापणारे, ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेने कन्नड वचनं रचणारे योगी. दंतकथा सांगते, एक कुंभाराची मुलगी रोज त्यांच्या अंगणात सडा-रांगोळी करायची. तिने लग्नाचा हट्ट धरला. त्यांनी नकार दिला, तरी ती मागे हटेना. शेवटी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला ते राजी झाले.

मी सोलापूरच्या बाळीवेशीत वाढले. यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यातून सात नंदीध्वज निघाले की आजी आम्हाला ओट्यावर उभं करायची. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, हलगीचा कडकडाट, ध्वजाच्या उंच काठीवर साखरेचे हारडे आणि खोबऱ्या-लिंबांचे हार. तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर संमतीचं वचन वाचलं जातं आणि चहूबाजूंनी अक्षता पडतात. लाखो माणसं ज्या लग्नाला आशीर्वाद देतात, त्यात देहसंबंध कुठेच नाही, आणि ही गोष्ट तिथे कुणालाही खटकत नाही.

घरात मात्र खटकते. माझ्या भाचीने तिला आवडणाऱ्या मुलाबद्दल आपल्या आईला सांगितलं, “मला त्याच्याबरोबर राहायचंय. त्याच्याशिवाय करमत नाही. पण ते बाकीचं मला नकोसं वाटतं, कुणाबरोबरही.” उत्तर मिळालं, “लग्न झालं की सगळं जमतं.” आमच्या पिढीने जीव लागणं आणि शरीराची ओढ ही एकच गोष्ट धरली, म्हणून तिचं बोलणं कुणाला उमगलंच नाही. जीव कुणावर जडतो हा एक कल, शरीर कुणाकडे ओढतं हा दुसरा. बहुतेकांचे दोन्ही एकाच दिशेने जातात, म्हणून ते वेगळे दिसत नाहीत. काहींना प्रेम होतं पण देहाची इच्छा होत नाही, काहींचं उलटं, काहींना दोन्ही नाही. जर्मन कायदेपंडित कार्ल हाइनरिख उलरिख्सने एकोणिसाव्या शतकातच हळवं प्रेम आणि देहाची वासना यांची फारकत करून माणसांचं वर्णन केलं होतं. डेव्हिड जे या अमेरिकन तरुणाने 2001मध्ये अलैंगिक, म्हणजे देहाची ओढ न वाटणाऱ्या, माणसांचं संघटन उभारलं आणि पुढे अशा माणसांच्या बोलण्यात हा भेद रुळला.

सिद्धरामेश्वरांना मी यातलं कुठलंही नाव चिकटवणार नाही. योग्याचं ब्रह्मचर्य हे व्रत असतं; असलेली इच्छा आवरायची असते. माझ्या भाचीला आवरायला काही नाही, आणि तिने कसलं व्रतही घेतलेलं नाही. तिला “जोगीण झालीस का?” असं विचारणारे नातेवाईक नेमकं हेच समजून घेत नाहीत.

या कथेत मला सलतो तो शेवट. संक्रांतीला होमाच्या वेळी बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या सजवतात, तिला मणी-मंगळसूत्र घालतात आणि अग्नी देतात. मग वासराच्या हालचालींवरून पाऊसपाण्याची भाकणूक होते. नवऱ्याच्या वैराग्याचे गोडवे गाताना गाव थकत नाही. तिच्याविषयी मात्र एकच शब्द उरतो, हट्ट.

परवा माझी काकू म्हणाली, “दंडाशी कसला गं संसार? वेडीच ती.” मी म्हटलं, “काकू, तिला शरीराचा संसार हवा असता तर ती दंडाला कशाला हो म्हणाली असती? तिला त्याचं माणूस व्हायचं होतं.” काकूला ते पटलं नाही. पण तिने माझ्या भाचीचा नंबर मागून घेतला.