पाणी पूर्वेला, घाव पश्चिमेला

पुणे जिल्ह्यातल्या कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने आळेफाट्याकडचा पूर्व पट्टा बागायती झाला. त्याच प्रकल्पातल्या डिंभे धरणाने आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडची महादेव कोळी आदिवासींची भातखाचरं आणि खुद्द जुनं आंबेगाव बुडवलं. असं सगळं गमावणाऱ्यांच्या मनाचे आजार हा ज्याचा त्याचा प्रश्न, असं मानणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी जमीन गेली, मग ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर याच तालुक्यातल्या माळीण गावावर कोसळला आणि १५१ माणसं गेली. गावाच्या जागी नुसता चिखल आहे, हे सर्वात आधी लक्षात आलं ते एसटीच्या चालकाला.

कोणी म्हणेल, दरड निसर्गाने पाडली. शिवाय डोंगरातली माणसं सोशिक असतात. दरड निसर्गाचीच, पण ज्याच्यामागे ना जमीन ना पगार, त्याला दुःखासाठी सवडही मिळत नाही; त्या गप्प राहण्यालाच आपण सोशिकपणा म्हणतो. एप्रिल २०१७ मध्ये माळीणच्या वाचलेल्यांना आमडे इथे पक्की घरं मिळाली, ती हवीच होती. मात्र पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते खचले आणि जुनी भीती परतली. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला आहे. म्हणून पुनर्वसनाच्या आराखड्यात घर, रस्ता, नळ यांच्या जोडीला समुपदेशकाचं पदही शासनाने मंजूर करावं.